व्याध आत्ता तिथे आहे का? आणि यालाच टाइम डायलेशन म्हणतात का?

चांदणवेल:
मागच्या शनिवारी लेकीला घेऊन वांगणीला आकाशदर्शनाला गेले होते, रात्रभर कुडकुडलो पण खूप छान वाटलं. तिथल्या दादांनी मृग दाखवला, मग त्याच्या खाली व्याधाचा तारा, आणि म्हणाले की हा ८.६ प्रकाशवर्षं लांब आहे म्हणजे आत्ता तुमच्या डोळ्यात शिरतोय तो प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी तिथून निघालाय. लेकीला दिवाळीत नऊ पूर्ण झाली, ती लगेच म्हणाली म्हणजे मी रांगत होते तेव्हाचा! मला एकदम भरून आलं खरं तर. पण परत येताना लोकलमध्ये तिनं विचारलं, आई मग तो आत्ता तिथे आहे का नाही? मी हो म्हणाले, पण कशाच्या जोरावर म्हणाले ते मलाच कळलं नाही.

घरी आल्यावर माझा भाचा म्हणाला की मावशी हेच टाइम डायलेशन, लांबच्या गोष्टींचा काळ हळू चालतो म्हणून त्या जुन्या दिसतात. मला हे पटत नाहीये पण खोडूनही काढता येत नाहीये. दोन्ही एकच आहे का? आणि समजा मी खूप जोरात व्याधाकडे निघाले तर तो मला स्लो दिसेल का फास्ट? लेकीला नीट सांगायचंय, उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये.

गारवा_७७:
ताई मी तर असं वाचलंय की आपल्याला दिसतात त्यातले बरेचसे तारे कधीच संपलेत, आपण फक्त त्यांचा जुना उजेड बघतो. म्हणजे आहे का नाही हे सांगताच येणार नाही.

मास्तर_सांगलीकर:
गारवा, हे सगळीकडे फिरतं पण नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांना ते लागू नाही. ते जवळजवळ सगळे काहीशे, फार तर काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत, आणि ताऱ्याचं आयुष्य मोजायचं लाखांत, कोटींत. त्यामुळे साडेआठ वर्षांत व्याधाला काहीही झालेलं नाही, तुम्ही लेकीला हो म्हणालात ते बरोबरच आहे, बिनधास्त सांगा.

आता भाच्याचं. नाही, दोन्ही वेगळं आहे, आणि हा घोळ शाळेत मुलांचा दरवर्षी होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. समजा आजी कोकणात आहे आणि रोज एक पत्र टाकते, पत्र चार दिवसांनी पोचतं. तुमच्या हातात कायम चार दिवसांपूर्वीची आजी आहे. पण पत्रं रोज एक याच हिशोबानं येतात ना? म्हणजे आजीचं घड्याळ काही हळू चाललेलं नाही, नुसता टपालाचा उशीर आहे. व्याधाचं अगदी तसंच. हा उशीर प्रत्यक्ष पकडला गेला तो १६७६ मध्ये, पॅरिसला, रोमर नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं. गुरूचा आयओ नावाचा चंद्र ठरलेल्या वेळी गुरूच्या सावलीत जातो, पण पृथ्वी गुरूपासून लांब जायला लागली की ही ग्रहणं मागे पडायला लागतात आणि जवळ यायला लागली की लवकर होतात. आयओ बिचारा वेळेवरच फिरतोय, बातमी यायला वेळ लागतोय.

टाइम डायलेशन म्हणजे हा उशीर वजा केल्यावरसुद्धा जो फरक उरतो तो. जीपीएसचं उदाहरण घ्या. उपग्रह २० हजार किलोमीटर वर, सिग्नल यायला ०.०७ सेकंदांच्या आसपास लागतात. आज तेवढेच, उद्याही तेवढेच, वर्षभरानं पण तेवढेच. पण वरचं घड्याळ रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, कारण तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ते ४५ नं पुढे पळतं आणि वेगामुळे ७ नं मागे पडतं. हा फरक साठत जातो, आज ३८, उद्या ७६, परवा ११४, आणि तो हिशोबात धरला नाही तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक होईल. अंतराचा उशीर साठत नाही आणि घड्याळातला फरक साठतो, मुलांना मी एवढंच लक्षात ठेवायला सांगतो.

चांदणवेल:
मास्तर, आजीचं पत्र एकदम डोक्यात बसलं, लेकीला पण कळलं. पण मी जोरात निघाले तर काय होईल ते राहिलं.

निशाचर_पुणे:
ते मी सांगतो कारण हे गणित मला फार आवडतं. धरा की प्रकाशाच्या ८० टक्के वेगानं तुम्ही व्याधाकडे निघालात. पृथ्वीवरच्या लोकांच्या घड्याळात तुम्हाला पोचायला १०.७५ वर्षं लागतील, पण तुमच्या मनगटावरच्या घड्याळात फक्त ६.४५. हे डायलेशन. आता खिडकीतून काय दिसतं ते बघा. निघताना तुम्हाला दिसतोय तो व्याध ८.६ वर्षांपूर्वीचा. पोचल्यावर समोर दिसणार तो त्या क्षणाचा, ताजा. म्हणजे वाटेत तुम्हाला आधीची ८.६ आणि प्रवासातली १०.७५ मिळून व्याधाची १९.३५ वर्षं बघावी लागणार, आणि ती सुद्धा तुमच्या ६.४५ वर्षांत. बरोब्बर तिप्पट फास्ट! मास्तरांच्या भाषेत, तुम्ही टपालाच्या दिशेनं धावताय म्हणून पत्रं भराभर हातात पडतायत.

आणि तरीही, हे मला स्वतःला पचायला बरेच दिवस लागले, टपालाचा उशीर वजा करून तुम्ही हिशोब केलात तर उत्तर येतं की व्याधाचं घड्याळ तुमच्यापेक्षा हळू चाललंय, तुमच्या ६.४५ वर्षांत तिथे फक्त ३.८७ वर्षं गेली. मग १०.७५ कुठे गेली? उरलेली ६.८८ निघण्याच्या क्षणीच गेली, कारण वेग घेतल्याबरोबर व्याधावरचं ‘आत्ता’ म्हणजे कुठला दिवस हेच तुमच्यापुरतं बदललं आणि ६.८८ वर्षं पुढे सरकलं. बेरीज करून बघा, जुळते.

म्हणून लेकीच्या प्रश्नातला ‘आत्ता’ हा शब्दच खरा अवघड आहे. व्याध जवळ आहे आणि आपण सगळे त्या मानानं हळू चालतो म्हणून तिथे फरक जाणवत नाही. पण देवयानी ही शेजारची गॅलक्सी घ्या, २५ लाख प्रकाशवर्षं. गच्चीवर एक माणूस उभा आहे आणि दुसरा देवयानीच्या दिशेनं ताशी ५ किलोमीटरनं चालतोय, तर देवयानीत ‘आत्ता’ काय चाललंय याबाबत दोघांच्या हिशोबात चारेक दिवसांचा फरक पडतो. दोघंही बरोबर. दिसतं मात्र दोघांना एकच, २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला तोच प्रकाश.

खोडदच्या_वाटेवर:
निशाचर, मस्त लिहिलंय. पण भाच्याला सगळंच चूक म्हणू नका हो, खूप लांब गेलं की त्याच्या म्हणण्यात तथ्य यायला लागतं. माझं आजोळ नारायणगावच्या बाजूला, त्यामुळे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश लहानपणापासून बघतोय, ४५ मीटरची एक अशा ३० आहेत, विज्ञान दिनाला आत जाऊन बघता येतं, लेकीला नक्की घेऊन जा. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली होती की तिथे एका फार लांबच्या गॅलक्सीतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडला, ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. तेव्हा आपला सूर्यसुद्धा जन्मला नव्हता. मधे एक दुसरी गॅलक्सी भिंगासारखी आली आणि तिनं सिग्नल मोठा केला म्हणून तो सापडला.

आता गंमत बघा, हायड्रोजनचा अणू म्हणजे एक घड्याळच आहे, सेकंदाला साधारण १४२ कोटी ठोके, कुठेही गेलात तरी तेच. पण हा सिग्नल खोडदला पोचला तेव्हा ठोके होते सेकंदाला ६२ कोटींच्या आसपास. म्हणजे तिथला एक सेकंद आपल्याला जवळजवळ २.३ सेकंदांचा होऊन दिसतोय. मधली जागा वाटेत ताणली जात होती, त्यामुळे प्रत्येक पुढच्या ठोक्याला मागच्यापेक्षा जास्त वाट चालावी लागली. मास्तरांची आजी दर पत्रानंतर थोडी आणखी लांब राहायला जातेय असं समजा, पत्रं रोज टाकली तरी आपल्याला दोन-सव्वादोन दिवसांनी एक मिळणार. आणि हे नुसत्या लहरींना नाही, अख्ख्या घटनांना लागू होतं. लांबच्या सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, जवळच्यांपेक्षा सावकाश विझताना दिसतात. डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश पाहणीनं पकडलेल्या १५०४ सुपरनोव्हांवर २०२४ मध्ये हेच तपासलं, प्रकाश जितका ताणलाय तितकाच वेळही ताणलेला निघाला, अगदी अचूक.

मास्तर_सांगलीकर:
हे बरोबर आहे, फक्त भाच्याला एक सांगा, तिथल्या कुणाचं घड्याळ हळू चाललेलं नाही. तिथे बसून बघणाऱ्याला आपणच स्लो मोशनमध्ये दिसू. आणि व्याधासाठी यातलं काहीच लागत नाही, व्याध आपल्याच आकाशगंगेत आहे, तिथे जागा ताणली जात नाही, तिथे नुसतं टपाल.

गारवा_७७:
माझं मत बदललं, धन्यवाद. मेलेल्या ताऱ्यांचं ते मी पण चार जणांना सांगून बसलोय, आता परत सांगायला हवं.

चांदणवेल:
सगळ्यांचे खूप आभार, भाच्याला लिंक पाठवली, तो ६.८८ ची बेरीज वहीवर करत बसलाय. लेकीला आजीचं पत्र सांगितलं, तर ती म्हणाली म्हणजे व्याधावरून आत्ता कुणी बघितलं तर मी अजून रांगतेच आहे, आणि मी काल पडले ते त्यांना मी सतरा वर्षांची झाल्यावर दिसणार. मी मोजून बघितलं, बरोबर आहे. विज्ञान दिनाला खोडदला जायचं ठरलंय, कल्याणहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येतं का?