१२०० जणांच्या कंपनीत विंडोज, मॅक की उबुंटू हे कर्मचाऱ्यांना निवडू द्यायचं आहे. आधी काय काय लावून घ्यावं?

प्रश्न | लॅपटॉप_खरेदी

पुणे आणि नाशिक मिळून १२०० लॅपटॉप, सगळे विंडोज. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नसलेले ३०० लॅपटॉप बदलायचे आहेत आणि त्या ३०० जणांना निवड द्यायला व्यवस्थापन तयार आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि इंट्यून (लॅपटॉप दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) आधीपासून आहे. मॅक खरंच महाग पडतात का? उबुंटू इंट्यूनमधून सांभाळता येतं का? आणि निवड कोणाला देऊच नये?

उत्तर | टोकन_आणि_टॅली

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करा, कारण निवडीचा फॉर्म एकदा फिरला की 'तुम्हाला नाही' म्हणणं जड जातं.

अकाउंट्स आणि कंपनी सेक्रेटरी यांना विंडोजच. टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं हे एक कारण. दुसरं जास्त अडवणारं: डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. 'मॅकमध्ये पॅरलल्स टाकून विंडोज चालवू' असं कोणीतरी सुचवणारच. पण ॲपलच्या एम-मालिकेच्या चिपवर चालतं ते एआरएमचं विंडोज, म्हणजे वेगळ्या जातीच्या चिपसाठी बनवलेलं. त्यावर साधे प्रोग्रॅम भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही. टोकनचा ड्रायव्हर एआरएमसाठी बनवलेला नसेल तर टोकन लावलेलं असूनही सही करणाऱ्या प्रोग्रॅमला ते दिसत नाही, आणि हे कळतं रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी.

एमआयएसवाल्यांचंही, म्हणजे एक्सेलमध्ये अहवाल बनवणाऱ्यांचंही, बघा. मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट नाही, शीटवर ठेवलेली ॲक्टिव्हएक्सची बटणं चालत नाहीत, विंडोजच्या आतल्या सोयी (एपीआय) बोलावणारे मॅक्रो अडतात. पॉवर बीआय डेस्कटॉप आणि ॲक्सेस तर मॅकवर नाहीतच.

कोण काय वापरतं ते विचारत बसू नका, लोक अर्धं विसरतात. इंट्यूनमध्ये प्रत्येक लॅपटॉपवर सापडलेल्या प्रोग्रॅमची यादी असते. ती उतरवून घ्या, विभागवार लावा, फक्त विंडोजवर चालणारी नावं वेगळी काढा आणि मगच फॉर्म पाठवा.

उत्तर | पेटी_थेट_घरी

मॅकच्या खर्चाबद्दल आयबीएमचा दाखला नेहमी दिला जातो. त्यांनी २०१५ मध्ये ही मुभा मोठ्या प्रमाणावर दिली. तेव्हाचा त्यांचा आकडा: मॅकवाल्यांपैकी ५ टक्क्यांनी हेल्पडेस्कची मदत मागितली, पीसीवाल्यांत ४० टक्क्यांनी. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की २ लाख मॅकमागे ७ अभियंते पुरतात, तेवढ्याच विंडोजमागे २० लागतात. पण मॅक मागून घेणारा माणूस बहुधा मॅक वापरलेलाच असतो, त्यामुळे ते ५ टक्के तुमच्या बजेटात जसेच्या तसे धरू नका. पद्धत मात्र जरूर उचला: सीलबंद पेटी थेट कर्मचाऱ्याच्या हातात, आयटीने ती उघडायचीच नाही.

त्यासाठी ॲपल बिझनेस मॅनेजर या ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या पोर्टलमध्ये कंपनीची नोंदणी करा, विक्रेत्याला तिथला तुमचा ऑर्गनायझेशन आयडी द्या आणि त्याचा विक्रेता क्रमांक तिथे भरा. हे खरेदीच्या ऑर्डरआधी. मग प्रत्येक मॅकचा सिरीयल नंबर आपोआप येतो आणि वायफाय जोडताच मॅक स्वतः इंट्यूनकडे जातो. दुकानातून उचललेला मॅक आयफोनवरच्या ॲपल कॉन्फिग्युरेटरने आत घेता येतो, पण पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला तो कंपनीच्या ताब्यातून सोडवता येतो.

एक चूक फार महागात पडते. इंट्यूनला मॅकपर्यंत हुकूम पोचवायला लागणारं ॲपलचं पुश सर्टिफिकेट वर्षभरच चालतं आणि ते ज्या ॲपल खात्यातून काढलं त्याच खात्यातून नूतनीकरण करावं लागतं. ते एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर काढलं आणि तो माणूस नोकरी सोडून गेला, तर नवं सर्टिफिकेट काढून सगळे मॅक पुन्हा नोंदवत बसावं लागतं. म्हणून आयटीच्या सामायिक मेलवर वेगळं खातं उघडा आणि मुदतीआधी ३० दिवसांची आठवण दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका.

फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकच्या डिस्कचं कुलूप, पहिल्या सेटअपमध्येच सक्तीने चालू करा, macOS १४ पासून ती सोय आहे, आणि रिकव्हरी की इंट्यूनमध्ये जमा होऊ द्या. मॅक जुन्या पद्धतीने ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (कंपनीच्या लॉगिन खात्यांच्या सर्व्हरला) बांधू नका. पासवर्ड बदलला की कीचेन (मॅकची पासवर्ड साठवायची जागा) जुनाच पासवर्ड मागत राहतं आणि तुमच्या तक्रारींची रांग तिथूनच वाढते. मॅकचं लॉगिन कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडणारं प्लॅटफॉर्म एसएसओ वापरा.

उत्तर | कर्नल_धरून_ठेवा

उबुंटू इंट्यूनमध्ये नोंदवता येतं, पण विंडोजसारखं सांभाळता येत नाही, हा फरक व्यवस्थापनाला आधीच सांगा. एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती, ग्नोम डेस्कटॉप, एज ब्राउझर आणि मायक्रोसॉफ्ट इंट्यूनचं ॲप लागतं. इंट्यून नियम पाळलेत का ते तपासतं. हरवलेला लॅपटॉप दुरून पुसता येत नाही. त्यामुळे डिस्कचं कुलूप हाच खरा आधार.

ते कुलूप, म्हणजे लक्स, इन्स्टॉल करतानाच लावायचं. नंतर लावायचं म्हटलं तर बहुतेक वेळा पुन्हा इन्स्टॉल करणंच सोपं पडतं. कर्मचाऱ्याच्या पासवर्डशिवाय दुसरी किल्ली 'क्रिप्टसेटअप'ने दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला आणि कंपनीच्या तिजोरीत ठेवा, प्रत्येक लॅपटॉपला वेगळी. अनेक लॅपटॉपची मांडणी आणि पॅच एकाच जागेवरून करायला ॲन्सिबल किंवा लँडस्केप पुरतं.

दोन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी सोय. बाहेरचा ड्रायव्हर टाकला की पुढच्या बूटला निळा पडदा येतो आणि तो १० सेकंद कळ दाबायची वाट बघतो. कर्मचारी चहा आणायला गेला की पडदा निघून जातो, ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदली जात नाही, ड्रायव्हर चालत नाही आणि तक्रार येते 'वायफाय गेलं'. म्हणून हे काम लॅपटॉप हातात देण्याआधी तुम्हीच उरकून घ्या.

दुसरं ईडीआर, म्हणजे अँटिव्हायरसच्या पुढचं, लॅपटॉपवर सतत नजर ठेवणारं संरक्षण. नवं कर्नल (उबुंटूचा गाभा) आपोआप येतं, ईडीआरचा एजंट ते ओळखत नाही आणि गपचूप अर्धवट चालत राहतो. पडद्यावर काहीच दिसत नाही. एजंटच्या यादीत कर्नल येईपर्यंत ते 'ॲप्ट-मार्क होल्ड'ने धरून ठेवा. मात्र दर आठवड्याला यादी तपासा, नाहीतर सुरक्षेचे पॅचही अडकून पडतात.

माझं मत: पहिल्या फेरीत उबुंटू फक्त रोज टर्मिनलमध्ये काम करणाऱ्यांना.

प्रश्नकर्ता | लॅपटॉप_खरेदी

यादी काढायला घेतली आहे. टेबलांवर यूएसबी-सीचे डॉक आणि दोन-दोन मॉनिटर आहेत. मॅकला तेच चालतील ना?

उत्तर | पेटी_थेट_घरी

बहुधा नाही. स्वस्त डॉक एकाच वायरमधून दोन पडदे काढायला एमएसटी वापरतात. विंडोज आणि उबुंटूला ते जमतं, पण macOS त्यातून दोन वेगळे पडदे काढत नाही, दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं. त्यात एम१ आणि एम२ एअरला मुळात एकच बाहेरचा पडदा चालतो. एम४ एअरला दोन चालतात, तेव्हा तो घ्या आणि थंडरबोल्ट डॉक द्या. डिस्प्लेलिंकच्या (स्वतःच्या सॉफ्टवेअरने पडदे काढणाऱ्या) डॉकवर भागतं, पण त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि ती कर्मचाऱ्यालाच हाताने द्यावी लागते. डॉकचा हा खर्च मॅकच्या किमतीतच धरा.

उत्तर | कर्नल_धरून_ठेवा

फाइलींना मराठी नावं देत असाल तर हेही बघा. 'तिसऱ्या तिमाहीचा ताळेबंद' मधला ऱ विंडोजवर एकच अक्षर म्हणून साठतो, मॅकवरून आलेल्या नावात तो बरेचदा र आणि खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण लिनक्सच्या सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइली. शोधलं तर एकच सापडते आणि लोक जुन्या फाइलीत आकडे भरत बसतात. सर्व्हरवर 'कॉन्व्हएमव्ही' हा फाइलींची नावं बदलणारा प्रोग्रॅम रात्री चालवून नावं एनएफसी रूपात, म्हणजे ऱ एकच अक्षर असलेल्या रूपात, आणा. पहिल्यांदा चालवताना काय बदलेल तेवढंच तो दाखवतो. ती यादी वाचा, एकसारखी दिसणारी दोन नावं असतील तर आधी ती हाताने सोडवा, मगच बदलाचा पर्याय द्या.