मदत हवी आहे : नाथसागराच्या काठाला लाटांनी उठणारा गाळ मोजायचाय, आकडे जुळेनात

गोदाकाठ : पैठणला जायकवाडीच्या काठावर गढूळपणा मोजतोय. वारं सुटलं, लाटा फुटायला लागल्या की मीटरचा आकडा एकदम वर उडतो. तिथंच भरलेली बाटली मात्र तेवढी गढूळ दिसत नाही. सोमवारी सरांना आकडे द्यायचेत. लवकर सांगा.

मातीमास्तर : मीटर प्रकाशावर चालणारं की ध्वनीवर? पाणी किती खोल? किती वेळानं नोंद घेता?

गोदाकाठ : प्रकाशाचंच. गुडघाभर पाणी. मिनिटाला एक नोंद.

सिंदफणा : मीटर ठेवा बाजूला. बाटल्या भरा, पाणी कागदातून गाळा, वर राहिलेला गाळ १०५ अंशाला वाळवा, वजन करा. माजलगावला आम्ही असंच केलं.

मातीमास्तर : बाटलीत एका क्षणाचं पाणी येतं, भाऊ. इथली लाट दोन-तीन सेकंदांची, गाळ तिच्याबरोबर उठतो-बसतो. सेकंदाला चार-पाच नोंदी तरी हव्यात. आणि फुटलेल्या लाटेत हवा शिरते. बुडबुडे प्रकाश परतवतात, मीटर त्यालाही गाळच धरतं. बाटलीतले बुडबुडे निघून जातात, म्हणून ती निवळ दिसते.

शिवारातला : गाळ मोजून काय करता? उन्हाळ्यात काठ उघडा पडला की उचला. आम्ही दोन वर्षांमागं रानात टाकला, तूर लई चांगली आली.

सिंदफणा : मास्तर, बाटलीशिवाय तुमच्या मीटरचा आकडा म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम गाळ, हे कसं कळणार? काळ्या मातीचे बारीक कण तेवढ्याच वजनाच्या वाळूपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश परतवतात. कंपनीचं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरच्या आकड्याची गाळाच्या वजनाशी घातलेली सांगड, इथं चालत नाही.

मातीमास्तर : हे मात्र खरं. तिथलीच माती घेऊन करावं लागेल.

आनंदी_घर : पिण्यासाठी असेल तर तुरटी फिरवून रात्रभर ठेवा.

गोदाकाठ : पिण्यासाठी नाही हो. मास्तर, मीटर आत खोल पाण्यात नेऊ का?

मातीमास्तर : लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की ती फुटते. ४० सेंटिमीटरची लाट अर्ध्या मीटर पाण्यात फुटणार, म्हणजे तुम्ही ऐन फुटीच्या पट्ट्यात आहात. पट्टा सोडू नका, गाळ तिथंच उठतो. पण बाहेरही एक जागा धरा, तुलनेला. शेजारी पाण्याच्या दाबावरून लाट मोजणारा दाबमापक बांधा, म्हणजे कोणत्या लाटेला किती गाळ उठला ते जुळवता येईल. अभयारण्य आहे, वनविभागाला विचारलंय ना?

गोदाकाठ : परवानगी आहे. मीटर एकच आहे, आलटून पालटून लावतो. नोंदी सेकंदाला पाच केल्या. काठावरची माती बादलीभर आणलीय, आज रात्री वजनानं कालवून कॅलिब्रेशन करतो. सिंदफणा, गाळणकागद आधी कोरडा तोलायचा ना?

सिंदफणा : हो, आधी कोरडा. नाहीतर सगळी मेहनत वाया.