व्हेल शार्कसोबत पोहायचं आहे, कुठं आणि कधी जावं?

प्रश्न
राम राम मंडळी. आमचं गाव वणीकडचं. पोहणं विहिरीत शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. लेकीनं मोबाईलवर व्हेल शार्क दाखवला, पाठभर पांढरे ठिपके, जसं चांदणं सांडलं. तेव्हापासून मनातून जात नाही. कापूस निघाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही बापलेक मोकळे. पण त्या जिवाला त्रास नको. मागं जंगलात सफारीच्या जिप्सी गाड्यांनी वाघीण घेरलेली पाहिली, बिचारीला रस्ता ओलांडता येईना. दोन दिवस घास गोड लागला नाही.

उत्तर १
भाऊ, फिलिपिन्समधलं डोनसोल पाहा. फेब्रुवारी ते मे तिथं चांगला काळ, मासा आपल्या मर्जीनं येतो. त्याच देशात ओस्लोबला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, चारून त्यांना रोज बोलावतात. हमखास दिसतील असं जिथं सांगतात, तिथं जाऊच नका.

उत्तर २
ऑस्ट्रेलियात निंगालूला मार्च ते जुलै. तिथं एका माशाजवळ एका वेळी १० जणच, अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर दूर. कुठंही गेलात तरी हेच अंतर ठेवा. हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, तोंडासमोर आडवं जायचं नाही. आणि भाऊ, स्नॉर्कल, म्हणजे पाण्यात तोंड बुडवून श्वास घ्यायची नळी, तोंडात धरून आधी विहिरीतच सराव करा. घाबरलेला माणूस पाय झाडतो, अंतर तिथंच सुटतं.

उत्तर ३
आपल्या सौराष्ट्र किनाऱ्यावरही हा येतो. २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. जाळ्यात अडकला तर कोळी बांधव स्वतःचं महागाचं जाळं कापून सोडून देतात. लेकीला हे नक्की सांगा.

प्रश्नकर्ता
सांगितलं. डोनसोल ठरलं. उद्यापासून विहीर.