मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये हायडेलबर्गला चार आठवड्यांचा कोर्स, पण कॉलेज पत्र देत नाही

बार्शीकरीण

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एसवायबीएला आहे, स्पेशल जर्मन. बी१ ही मधली पातळी झालीय. हायडेलबर्ग विद्यापीठ दर ऑगस्टमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी जर्मन भाषा आणि संस्कृतीचा उन्हाळी कोर्स घेतं. यंदा त्यात मला प्रवेश मिळालाय. पत्र हातात आहे, फी भरायची आहे. पण घरी आणि कॉलेजात, दोन्हीकडे घोडं अडलंय.

आधी कॉलेजचं. तिकडची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आपल्याकडे भर पावसाळा आणि भर सत्र. टीवायचं पहिलंच सत्र, त्यात महिनाभर मी नाही. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, पण लेखी काही देणार नाही." ऑफिसात बोनाफाइड मिळतं, पण त्यात कारणाच्या जागी 'बँक / पासपोर्ट / एसटी पास' एवढंच छापलेलं. खिडकीतल्या काकांनी तीनही खोडून वर पेनाने 'परदेश' लिहून दिलं. ते मी अजून कुणाला दाखवलेलं नाही.

आता घरचं. पप्पांच्या ओळखीचा एक एजंट आहे. तो म्हणाला, जर्मनीला विद्यार्थी म्हणून जायचं तर बारा लाख ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) ठेवावेच लागतात, तिकीट आधी काढावं लागतं आणि फाइल करायचे साठ हजार वेगळे. पप्पांनी बारा लाख ऐकले आणि ताट बाजूला सारून उठले. माझ्या हिशोबाने फी, राहणं, विमान सगळं धरून अडीच-तीन लाखांत बसतं. त्यातले काही माझे शिकवणीचे आहेत, काही आजी देतेय. घरात आजी एकटीच खूश आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला गेलेत, तोवर मी परत येते एवढंच तिला पुरेसं आहे.

तर, एजंट म्हणतो ते खरं का? कॉलेजच्या पत्राशिवाय व्हिसाची फाइल उभी राहते का? आणि हजेरीचं काय करू? ज्यांची मुलं किंवा जे स्वतः असे महिन्या-दीड महिन्याचे कोर्स करून आलेत त्यांनी प्लीज लिहा.

माईनकाठ

अभिनंदन! मी फ्रँकफर्टला असतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचं लगेच सांगतो. एजंट दोन वेगळे व्हिसे एकात कालवतोय. ब्लॉक्ड अकाउंट लागतं ते डिग्रीसाठी येणाऱ्यांना, म्हणजे नॅशनल व्हिसाला. वर्षाला ११,९०४ युरो, तेच त्याचे बारा लाख. तुझा कोर्स चार आठवड्यांचा आहे. ९० दिवसांच्या आतल्या मुक्कामाला शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, कमी मुदतीचा सी व्हिसा. त्याला ब्लॉक्ड अकाउंट वगैरे काही नाही. पप्पांची बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न आणि 'मुलीचा खर्च मी करतोय' असं पत्र, झालं. आणि व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नकोस, नुसतं रिझर्व्हेशन जोड.

फिरस्ता

वरच्याला +१. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस, पण ४५ पर्यंत ताणू शकतात. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. मे-जूनमध्ये अख्खा महाराष्ट्र स्वित्झर्लंड बघायला निघालेला असतो, त्यामुळे आत्ताच बुक कर. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं केंद्र पुण्यातही आहे, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत. व्हिसा फी ९० युरो, शिवाय व्हीएफएसचं सेवाशुल्क.

कढीलिंब

फिरस्ता, एक दुरुस्ती. ९० युरो मोठ्यांना. अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेनच्या व्हिसा नियमातच फी माफ आहे. व्हीएफएसचं शुल्क तेवढं भरावं लागतं. बार्शीकरीण, काउंटरवर प्रवेशपत्र आणि बोनाफाइड पुढे करून स्पष्ट विचार, आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

साठ हजार कशाचे ते मात्र मला अजून कळलेलं नाही. फॉर्म ऑनलाइन आहे, कागदांची यादी वेबसाइटवर आहे, आणि बोटांचे ठसे द्यायला एजंट तुझ्याऐवजी जाऊ शकत नाही.

मी_सदाशिव

विरोधी सूर लावतो, राग नसावा. चार आठवड्यांत कुणाला भाषा येत नाही. बी१ चं बी२ झालं तरी खूप. तेवढ्याच पैशांत पुण्यात मॅक्सम्युलर भवनला पुढच्या सगळ्या पातळ्या होतील आणि उरलेल्यात लॅपटॉप येईल. 'फॉरेन रिटर्न' हा शिक्का हल्ली फुकटही कुणी घेत नाही. टीवायचे मार्क घसरले तर मास्टर्सच्या अर्जात तेच आधी दिसतील.

निवृत्त_मास्तर

सदाशिवरावांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, बाकीचा नाही. वर्गात बी१ झालेल्या मुलांना व्याकरण येतं, पण समोरचा भराभर बोलू लागला की ती गप्प बसतात. ती भीड इथल्या वर्गात मोडत नाही.

आता हजेरी. मी आयुष्यभर हजेरीपटच भरले, म्हणून गणित मांडतो. सत्र ९० शिकवण्याच्या दिवसांचं. ७५ टक्के हवी, म्हणजे साडेबावीस दिवस बुडवायची मुभा. तुझे चार आठवडे सोमवार ते शनिवार धरले तर २४ दिवस. त्यातून १५ ऑगस्ट आणि ईद-ए-मिलाद वजा कर, राहिले २२. काठावर का होईना, बसतेस! फक्त मग जुलै ते ऑक्टोबर तुला साधा तापसुद्धा येता कामा नये. पाच दिवसांचा आठवडा असेल तर थोडी हवा मिळेल. आणि हजेरी विषयवार मोजत असतील तर हेच गणित प्रत्येक विषयाचं वेगळं मांड, कारण आठवड्याला एकच तास असलेला विषय तिथे दगा देतो.

पत्राबद्दल. विभागप्रमुख लेखी देत नाहीत कारण तू 'परवानगी' मागतेयस. परवानगी दिली की उद्या हजेरी कमी पडल्यावर तू तोच कागद त्यांच्यासमोर धरशील, ही त्यांची भीती. तू परवानगी मागूच नकोस. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज कर: मी अमुक वर्गाची विद्यार्थिनी, अमुक ते अमुक तारखांना अमुक विद्यापीठाच्या कोर्सला जाते आहे, परत येऊन सत्र पूर्ण करणार आहे, तरी मी या महाविद्यालयाची नियमित विद्यार्थिनी असून वरील काळासाठी माझी रजा नोंदवली असल्याचं पत्र मिळावं. सोबत प्रवेशपत्राची प्रत. दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. शिक्का बसलेल्या अर्जाला उत्तर न देणं ऑफिसला जड जातं.

व्हिसावाल्यांनाही तेवढंच हवं असतं. मुलगी परत येणार, तिचं इथे शिक्षण चालू आहे, एवढं कागदावर दिसलं पाहिजे. खोडाखोड केलेलं बोनाफाइड जोडू नकोस, फ्रेम करून ठेव.

कढीलिंब

मास्तर 🙏 आणि क्रेडिटचंही जाण्याआधी विचारून ठेव. तिकडच्या प्रमाणपत्रावर ईसीटीएस (युरोपातली विद्यापीठं धरतात ती) क्रेडिट मिळतात का, किती मिळतात ते विद्यापीठाला मेल करून विचार. इथे ती धरली जातील अशी खात्री बाळगू नकोस. पण आधी विषय काढलेला असला तर निदान फाइलला लागतं, परत आल्यावर कुणी दारात उभं करत नाही.

शिष्यवृत्तीचं कुणी विचारण्याआधी: डाड (DAAD, शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) अशा उन्हाळी कोर्सेसना देतं, पण त्याचे अर्ज आदल्या वर्षीच बंद होतात. यंदाची गाडी गेली. धाकट्या भावंडांनी लक्षात ठेवावं.

माईनकाठ

अवांतर: हायडेलबर्ग आपल्याला तसं परकं नाही. तिथल्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये गुंथर सोन्थायमर होते. खंडोबा आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलं, त्यासाठी महाराष्ट्रात गावोगाव हिंडले. १९९२ साली गेले. वेळ काढून त्या संस्थेत डोकावून ये. मास्टर्सचं मनात असेल तर तिथल्या कुणाशी अर्धा तास बोलणंही तीन लाखांतलं बरंच वसूल करेल. सदाशिवराव, हे लॅपटॉपवर होत नाही.

कामाचं: डॉइचलांड-तिकीट घे. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. देशभरातल्या ट्राम, बस, लोकल आणि साध्या रेल्वे त्यात येतात, आयसीईसारख्या वेगवान गाड्या नाही. ते सबस्क्रिप्शन असतं, ऑगस्टचं घेतलंस तर १० तारखेच्या आत रद्द कर, नाहीतर सप्टेंबरचेही पैसे जातात. शक्यतो रविवारी पोचू नकोस, दुकानं बंद असतात. पाणी नळाचं प्यायचं. खोलीत पंखा नसेल आणि ऑगस्टमध्ये उकडतं, हे कुणी आधी सांगत नाही. जेवायला विद्यापीठाची मेन्झा, म्हणजे कँटीन, शाकाहारी भरपूर मिळतं. जुन्या गावातल्या मार्श्टालच्या मेन्झात ताट वजनावर आहे, तेव्हा बटाटे बेताने वाढून घे.

बार्शीकरीण

सगळ्यांचे खूप आभार! मास्तरांचा मसुदा जवळजवळ जसाच्या तसा दिला, आवक शिक्का घेतला. मॅडमनी स्वतः बोलावून पत्र दिलं, खाली एक ओळ घालून: 'उपस्थितीची जबाबदारी विद्यार्थिनीची राहील.' मला चालतंय. मे महिन्यातली अपॉइंटमेंट मिळाली आहे.

पप्पांना माईनकाठकाकांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आयटी रिटर्नच्या प्रती काढून टेबलावर ठेवल्या होत्या. एजंटला अजून नाही म्हणायचंय. तो लांबचा नातेवाईक निघतो, त्यामुळे ते काम आजीकडे दिलंय.

सदाशिवकाका, लॅपटॉप जुनाच चालवेन. इन-सेमची, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेची तारीख कोर्समध्ये आली तर मात्र पंचाईत आहे. ती ऑगस्टच्या शेवटी असते, वेळापत्रक जुलैत लागतं. ती परत घेतात का, कुणाला अनुभव आहे?

शेवटचं, आजी विचारतेय: साजूक तूप, पेढे आणि शेंगाचटणी न्यायला चालतं का?

निवृत्त_मास्तर

इन-सेमसाठी वेळापत्रक लागायची वाट बघू नकोस. ज्या पत्रावर त्यांनी सही केली त्यात तारखा आहेतच, त्याच पत्राचा हवाला देऊन फेरपरीक्षेचा अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाक. देतीलच असं नाही, पण नंतर मागितलीस तर नक्की देणार नाहीत.

माईनकाठ

तूप आणि पेढे नाही. दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनच्या बाहेरून सामानात आणता येत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. शेंगाचटणी, मेतकूट, भाजणी चालतं. चटणी दोन पिशव्यांत घालून सामानाच्या मध्यभागी ठेव, नाहीतर सगळ्या कपड्यांना लसणाचा वास येईल. आणि फ्रँकफर्टला उतरल्यावर एक पाकीट इकडे पोचव.