उ: नवशिक्यांच्या स्वयंपाकघरात काय हवं?

नवशिक्यांनी स्वयंपाकघरासाठी काय घ्यावं, याची यादी या चर्चेत आधी दिली आहे. सहा सुऱ्यांचा सेट घेण्यापेक्षा एकच चांगली सुरी घ्या, असं त्यात लिहिलंय, ते अगदी पटलं. पण ती सुरी कशावर चालवायची, हे यादीत कुणीच लिहिलेलं नाही. धुवायला सोपा म्हणून मी सुरुवातीला काचेचा चॉपिंग बोर्ड घेतला होता. नवी सुरी महिन्याभरात बोथट झाली आणि मी दोष देत राहिले सुरीला! काच फार कठीण असते, घावाखाली जराही दबत नाही, त्यामुळे प्रत्येक घावाला धार दुमडते. संगमरवरी ओट्यावर किंवा चिनी मातीच्या ताटलीत कापलं तरी तेच होतं. बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो आणि ती घसरते; टोमॅटोच्या सालीवरून घसरून माझं बोट चांगलंच कापलं होतं.

म्हणून सुरीबरोबरच लाकडी किंवा साध्या प्लास्टिकचा बोर्ड घ्याच, जरा मोठा, साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरचा. लहान बोर्डवर चिरलेलं सगळं खाली सांडतं. बोर्डखाली ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं अंथरा, म्हणजे तो जागचा हलत नाही. मांस-मासे करत असाल तर त्यासाठी दुसरा बोर्ड ठेवा. लाकडी बोर्ड पाण्यात भिजत ठेवू नका, तडे जातात. धुऊन लगेच उभा करून वाळवा. आणि चिरलेलं कढईत सारताना सुरी उलटी धरून बोथट बाजूने सारा, धार बोर्डवर खरवडू नका.