काम कमी, खर्च कमी: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

केन्स या अर्थतज्ज्ञाने 1930 मध्ये अंदाज बांधला होता की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला 15 तास काम पुरेल. 2030 तोंडावर आलंय, आणि कायद्यातल्या 48 तासांतही बऱ्याच जणांचं भागत नाही. वस्तू वाढल्या, त्यांचे हप्ते वाढले, हप्त्यांसाठी पाळ्या वाढल्या. ज्यांनी ठरवून कमाई थोडी सोडली आणि वेळ घेतला, त्यांनी इथे लिहावं. पैशांचं कसं जमवलं तेही सांगा.

सुरुवात मी करते. मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिते. मुलगी नोकरीला लागल्यावर मालकांशी बोलून अर्धा दिवस करून घेतला. पगारही निम्मा झाला. नवी गाडी घ्यायचं रद्द केलं. दुपारी सासूबाईंकडून वाकळ शिवायला शिकले. आत विरलेली चादर, वर जुनी लुगडी, आणि कडेपासून आत आत धावदोरा. सासूबाईंचा टाका तांदळाएवढा, माझा अजून बोटभर. पण नवी रजई काही घरात आली नाही.

पूर्व भागातून
ताई, तुमचा पगार महिन्याचा आहे. माझे वडील मागावर होते, मजुरी नगावर. आई विड्या वळायची, तिची मजुरी हजारावर. तिथे तास कमी म्हणजे ताटातलं कमी. आमच्याकडे फरक पडला तो घरामुळे. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना 10 हजार घरं मिळाली, 2006 मध्ये. त्यासाठी त्या कितीतरी वर्षं मोर्चे काढत होत्या. त्यांतलं एक आईचं. भाडं सुटलं, पुढे कर्जही फिटलं, तेव्हा कुठे ती अंधार पडायच्या आत मांडीवरचं सूप खाली ठेवायला लागली. लोकांनी कमी काम करावं असं वाटत असेल तर आधी डोक्यावर छप्पर आणि धड मजुरी द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंगळवेढ्याहून
चार एकरांतला ऊस मोडला, आता शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी करतो. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा, आणि लाईट रात्रीची. मोटार चालू करायला थंडीत, सापकिरडूत जावं लागायचं. मालदांडी ही शाळूची जात आमच्या काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. पैसा उसापेक्षा कमीच, खोटं सांगत नाही. पण रात्री झोप मिळते आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं.

जुळे सोलापूर
नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणून आम्ही जपून वापरतो. याला कृपया साधी राहणी म्हणू नका, ही सक्ती आहे.

पूर्व भागातून
मंगळवेढ्याच्या दादा, उसाचा पैसा गेल्यावर वर्षाचा खर्च कसा भागवता?

मंगळवेढ्याहून
कडबा. दोन म्हशींना वर्षभर पुरतो, वैरण विकत घ्यावी लागत नाही. दुधावर किराणा निघतो. मुलाची फी मात्र अजून ओढाताणीचीच आहे.