पऱ्यावर मोरी बांधायला परवानगी कोणाची? तातडीने मदत हवी

लालमाती: संगमेश्वर तालुक्यात आमचं घर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आहे. इतकी वर्षं साकवावरून, म्हणजे छोट्या पायपुलावरून, जात होतो. आता आईला चालवत नाही, गाडी दारात जायला हवी. दोन पाईप आणि वर स्लॅब, एवढंच काम. ग्रामपंचायत म्हणते तहसीलला जा, तहसीलवाले म्हणतात जिल्हा परिषदेत विचारा. मृग पंधरा दिवसांवर आलाय. लवकर सांगा.

कातळावरचा: पऱ्या बारमाही की पावसाळी? रुंदी किती? तो गावनकाशावर दाखवलाय का?

मु_पो_डोंबिवली: परवानगी कसली मागताय! शनिवारी जेसीबी, रविवारी पाईप आत. आमच्या वाडीत तीन मोऱ्या अशाच झाल्या.

निवृत्त_ओव्हरसियर: हे ऐकू नका. जमीन महसूल संहिता 1966, कलम 20 वाचा. कोणाची मालकी सिद्ध नसेल तर नाले, ओढे शासनाचे. तहसीलदारांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत सातबारा, गट नकाशा, ग्रामपंचायतीचा ठराव, मोरीचं रेखाचित्र. तोंडी विचाराल तर तोंडीच टोलवतील. आणि पाईपचा व्यास स्वतः ठरवू नका, पुराची खूण बघून काढतात. पहिल्याच सरीत पातेरा (सुका पाला) आणि ओंडके येऊन तोंड बुजतं, मग पाणी वरच्या खाचरात शिरतं.

वाशिष्ठीकाठ: निळ्या रेषेचं बघितलंत का? 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतल्याची लाल. 22 जुलै 2021 ला चिपळुणात आम्ही माळ्यावर बसून होतो, तेव्हा कळलं रेषा म्हणजे काय.

निवृत्त_ओव्हरसियर: अहो, ते नदीचं. पऱ्याला कोण रेषा मारायला येतंय?

लालमाती: रेषा राहू द्या हो. पाईप आणून टाकलेत, दोन फुटी.

कातळावरचा: रुंदी अजून सांगितली नाहीत. पलीकडचा काठ कोणाचा?

लालमाती: बाराएक फूट. पावसाळीच, दिवाळीनंतर कोरडा. घराभोवतीचं आमचं, पण काठ चुलत्यांचा. सध्या बोलणं नाही.

काळा_कोट: हे आधी सांगायचं ना! मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडला आणि त्यांच्या शेताला झळ बसली, तर सहा महिन्यांच्या आत ते दाद मागू शकतात आणि तहसीलदार अडथळा काढायला लावतात. आधी काकांची लेखी संमती. बांधावरून रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 चा अर्ज वेगळा.

लालमाती: रस्ता नकोय, मोरी हवीय.

काळा_कोट: मोरी उतरणार कुठे? त्यांच्याच काठावर ना?

मु_पो_डोंबिवली: वाडीत आणखी घरं असतील तर साकवासाठी जिल्हा नियोजनातून पैसे मिळतात. आमदारांना गाठा.

लालमाती: पलीकडे आमचं एकच घर.

खेकडा_पकड: पाईप तळापेक्षा उंच बसवू नका. आमच्याकडे मोरी झाली आणि चढणीचे मासे (पावसात प्रवाहाविरुद्ध वर जाणारे) खालीच अडकले.

मु_पो_डोंबिवली: तुमच्याकडे अजून चढतात? कुठला पऱ्या?

लालमाती: काका आज बाजारात भेटतील. ठराव आधी घेऊ की त्यांची सही?

निवृत्त_ओव्हरसियर: सही. आणि ते दोन फुटी पाईप परत घेतात का, दुकानात विचारा.